मायलोमा आणि नव्या औषधांच्या चाचण्या: कोकणातल्या घरांतून येणारे प्रश्न

२०१९ च्या मे महिन्यात आई आंब्याच्या पेट्या भरत होती. पेंढा पसरायला ओणवी झाली आणि तिला उठताच येईना. मणका दबला होता. कारण शोधता शोधता मल्टिपल मायलोमा निघाला. तीन वर्षांनी आजार उलटला तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीचं विचारलं, आणि आई त्यात गेली. तेव्हापासून देवगड, मालवण, राजापूर, पार गुहागरपर्यंतच्या घरांतून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून काढले. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण चाचणीचा कागद हातात आला की घरात काय काय विचारायला हवं, ते मला सांगता येईल.

मायलोमा म्हणजे ब्लड कॅन्सरच ना?

हो, रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवणं हे त्यांचं काम. त्यातली एक पेशी बिघडते, तिची पिलावळ वाढत जाते आणि एकाच साच्याचं निरुपयोगी प्रथिन रक्तात साठू लागतं. रिपोर्टमध्ये ‘एम प्रोटीन’ किंवा ‘एम बँड’ लिहितात ते हेच. हाडं पोखरतात, मूत्रपिंडं चोंदतात, हिमोग्लोबिन उतरतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं. पाश्चात्त्य देशांत हा बहुतेक सत्तरीच्या आसपासच्या माणसांचा आजार. आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधीच गाठतो.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती आमच्या हातून चुकली. निदान होण्याआधी चार महिने आई कंबरदुखीवर दुखण्याच्या गोळ्या घेत होती. मायलोमात या गोळ्या मूत्रपिंडाला फार महागात पडू शकतात. पन्नाशी उलटलेल्या माणसाची कंबर दोन महिने दुखते आहे आणि हिमोग्लोबिनही कमी आहे, अशा वेळी मालीश आणि गोळ्या बाजूला ठेवून रक्ताची प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करून घ्या. रत्नागिरी-कणकवलीतल्या लॅबमध्ये नमुना देता येतो. तो पुढे मुंबईला जातो.

“माझ्यार प्रयोग करतले काय?”

हे आईचे शब्द. फोनवर प्रत्येक घरातून हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो, तेव्हा उत्तर सरळच देते. हो, हा प्रयोगच असतो. नव्या औषधाबद्दल काहीतरी अजून कळलेलं नसतं, म्हणून तर चाचणी असते. “काळजी करू नका, औषधच आहे” म्हणून कोणी विषय झटकला तर त्या माणसाला पुन्हा विचारा.

पण आज मायलोमाचं जे औषध कोणत्याही रुग्णालयात मिळतं, ते याच वाटेने आलेलं आहे. थॅलिडोमाइड एके काळी गरोदर बायकांना दिल्याने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली. तेच औषध मायलोमावर चालतं हे १९९९ साली एका चाचणीतून समोर आलं. त्या चाचणीतल्या लोकांवर तोवरचे बहुतेक सगळे उपचार थकलेले होते. पुढे अमेरिकेत २००३ मध्ये बॉर्टेझोमिब, २००६ मध्ये लेनालिडोमाइड आणि २०१५ मध्ये डाराटुमुमॅब यांना मान्यता मिळाली. आईला पहिल्या खेपेला जी तीन औषधं मिळाली, त्यांतली दोन या यादीतली. कुठल्या तरी गावच्या माणसांनी आधी सही केली होती, म्हणून ती आमच्यापर्यंत पोचली.

दुसरी बाजूही खरी आहे. व्हेनेटोक्लॅक्स या गोळीच्या एका मोठ्या चाचणीत आजार वाढायला जास्त वेळ लागला, पण गोळी घेणाऱ्या गटातली माणसं दगावलीही जास्त. २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नव्या रुग्णांची भरती थांबवली. त्याआधी २०१७ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅबच्या दोन चाचण्या अशाच थांबवाव्या लागल्या. नवं म्हणजे चांगलंच, असं नसतं. आकडे मधूनमधून तपासायला प्रत्येक मोठ्या चाचणीवर तज्ज्ञांची एक स्वतंत्र समिती नेमलेली असते. ती आहे का आणि मागच्या वेळी काय म्हणाली, हे तुम्ही विचारू शकता.

पहिला टप्पा, तिसरा टप्पा म्हणजे काय? आम्हाला नुसतं ‘ट्रायल’ म्हणाले.

मग टप्पा विचारून घ्या, त्यावर बरंच ठरतं. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर डोस किती झेपतो ते बघतात. माणसाला फायदा होऊ शकतो, पण तो बघणं हा पहिला हेतू नसतो. दुसऱ्यात औषध आजारावर चालतं का ते पाहतात. तिसऱ्यात शेकडो लोकांत नव्या उपचाराची तुलना आजच्या चालू उपचाराशी होते. आमच्याकडे विचारणा होते ती बहुतेक या तिसऱ्या टप्प्यासाठी.

नवं औषध मिळेलच ना? की साखरेची गोळी देतील?

तिसऱ्या टप्प्यात कोणत्या गटात जायचं हे संगणक ठरवतो, देवाला कौल लावल्यासारखं. तुमचे डॉक्टर, ओळखीचा कर्मचारी, आमदारांची चिठ्ठी, कशानेही त्यात बदल होत नाही आणि होऊही नये.

नुसती साखरेची गोळी देऊन चालू आजार असलेल्या मायलोमाच्या माणसाला बसवून ठेवत नाहीत. खोटी गोळी असलीच तर ती नेहमीच्या औषधांच्या जोडीला असते. म्हणजे सगळ्यांना जुनी दोन औषधं आणि वर तिसरी गोळी, काहींना खरी तर काहींना खोटी. व्हेनेटोक्लॅक्सची चाचणी अशीच होती. कागदात ‘प्लासिबो’, म्हणजे खोटी गोळी, हा शब्द दिसला तर विचारायचं: “त्याच्या जोडीला आईला काय मिळणार?”

आई जुन्या औषधांच्या गटात गेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? परतीच्या गाडीत मी गप्प बसून होते. आईच म्हणाली, “औषध तर मिळताहा मा?” मिळत होतं, आणि फुकट. महिन्याला दोनदा तिला तपासणारी नर्स होती, आणि फोन केला की उचलणारा माणूसही होता. आधीच्या तीन वर्षांत आम्हाला यातलं काही मिळालं नव्हतं.

पैसे किती लागतात?

चाचणीतलं औषध आणि चाचणीसाठीच होणाऱ्या तपासण्या रुग्णाला फुकट असतात. तुलनेसाठी दिलेली जुनी औषधं बहुधा मिळतात, पण हे गृहीत धरू नका, कागदात बघा. घोळ होतो तो मधल्या गोष्टींत. हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, रक्त चढवणं, ताप आला म्हणून गावच्या दवाखान्यात झालेली भरती, हे कोण भरणार? प्रवासखर्च मिळतो का? एकाचा की सोबतच्याचाही? एसटीचं तिकीट दाखवायचं की ठरावीक रक्कम हातात? हे सगळं सही करण्याआधी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर चाचणीत गेल्यावर त्याचं काय होईल, तेही रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा.

संमतीपत्रावर सही कधी करायची?

घरी आणून वाचल्यावर. या पानावरची बाकी सगळी उत्तरं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

आम्हाला पहिल्यांदा जिथे विचारलं, तिथल्या बाईंनी वीस-बावीस पानांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, “आजच्या आज सही झाली तर बरं, जागा दोनच उरल्यात.” रात्रभर गाडीत बसून आलेलो, आईला ताठ बसवत नव्हतं, कागदात तिसऱ्या ओळीपासून समजेना. मी पेन हातात घेतलंसुद्धा होतं. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, “घराक नेवया.” ती जागा गेली. पाच महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात दुसऱ्या चाचणीसाठी विचारणा झाली. तिथल्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, घरी न्या, वाचा, आठ दिवसांनी फोन करा.

वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे. माहितीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत, मिळालं पाहिजे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांचा अंगठा घेताना रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. काही चाचण्यांत सगळी बोलणी व्हिडिओवर नोंदवतात. कॅमेरा बघून घाबरू नका, ती नोंद तुमच्याच संरक्षणासाठी असते.

आम्ही तो कागद चार संध्याकाळी वाचला. माजघरात दिव्याखाली मी मोठ्याने वाचायची, भाऊ वहीत प्रश्न लिहायचा, आई मध्येच थांबवायची. एकवीस प्रश्न निघाले. त्यांतले सहा आईचे होते आणि तेच सगळ्यात नेमके. उदाहरणार्थ, “मगजाचा पाणी कितीदा काढतले?” बोन मॅरोची तपासणी किती वेळा होणार ते सोळाव्या पानावरच्या तक्त्यात होतं, माझ्या नजरेतून सुटलं होतं.

तो तक्ता आधी शोधा. कोणत्या दिवशी काय होणार ते त्यात असतं. मग शेवटचं पान बघा, तिथे एथिक्स कमिटीचा फोन असतो. ही समिती रुग्णालयाची माणसं आणि बाहेरची माणसं मिळून असते. त्यात कायदा जाणणारी व्यक्ती असते, आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरची साधी व्यक्तीही. डॉक्टरांबद्दल तक्रार असेल तर तिथे करायची.

गावाहून ये-जा कशी जमवायची?

औषधाइतकाच हा प्रश्न मोठा आहे. माझ्या पाहण्यात कोकणातली माणसं चाचणी सोडतात ती औषध झेपलं नाही म्हणून कमी आणि फेऱ्या झेपल्या नाहीत म्हणून जास्त.

आधी तारखा मोजा. मायलोमाची बरीच औषधं २८ दिवसांच्या चक्राने देतात. सुरुवातीला पहिला, आठवा, पंधरावा, बाविसावा अशा दिवशी जावं लागतं, पुढे अंतर वाढतं. कालनिर्णय घेऊन बसा आणि पहिल्या सहा महिन्यांच्या फेऱ्यांवर गोल करा. मग बघा त्यात शिमगा कुठे येतो, भातलावणी कुठे, आंबा कुठे, गणपती कुठे. गणपतीच्या आठवड्यात कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं म्हणजे काय, हे मुंबईच्या कोऑर्डिनेटरला माहीत असेलच असं नाही, त्यांना सांगावं लागतं. तारखेच्या दोन-तीन दिवस मागेपुढे चालतं का, हेही विचारा. बहुतेक चाचण्यांत अशी सूट लिहिलेली असते, पण आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पावसाळ्यात दरड आली, गाडी अडकली, तर कोणाला फोन करायचा ते आधीच लिहून ठेवा.

आम्ही एसटीने कणकवलीला जायचो आणि तिथून रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडायचो, पहाटे दादर. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं लागत नाही, सोबतच्या एका माणसालाही त्यात ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही नावं परळला जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. जागा मिळायला रांग असते, तेव्हा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी आधी घ्या.

मधल्या फेऱ्यांतलं साधं रक्त गावाजवळच्या लॅबमध्ये दिलेलं चालेल का, हेही विचारून बघा. कधी चालतं, कधी नाही. आमच्याकडे चाललं आणि वर्षात नऊ फेऱ्या वाचल्या.

चोवीस तासांची लघवी प्रवासात कशी गोळा करणार?

हसू नका, या एका गोष्टीवरून घरात भांडणं होतात. बिघडलेलं प्रथिन लघवीतून किती जातं ते मोजायला चोवीस तासांची सगळी लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये हवी असते. सगळे सांगतात सकाळी सहा ते सकाळी सहा. मग रात्रीच्या गाडीत काय करायचं? उत्तर सोपं आहे, पण आम्हाला ते दोन फेऱ्यांनंतर सुचलं: चोवीस तास सकाळीच सुरू व्हायला पाहिजेत असं काही नाही. आदल्या दिवशी दुपारी तीनला आई पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी तीनची शेवटची. वेळ कॅनवर लिहायची आणि पाचच्या एसटीला निघायचं. कॅन थंड राहायला हवा, म्हणून भावाने मासे पाठवायची थर्माकोलची पेटी धुऊन घेतली, खाली बर्फ, वर कॅन, बाजूला वर्तमानपत्रं दाबून. गाडीत एकाने विचारलं, “पापलेट काय?” आईने मान हलवली.

एखाद्या वेळची लघवी कॅनबाहेर गेली तर लपवू नका. चुकीच्या आकड्यावर औषधाचा निर्णय होण्यापेक्षा पुन्हा गोळा केलेलं बरं.

आम्हाला ‘बसत नाही’ म्हणून परत पाठवलं. का?

रागावू नका, नशिबालाही दोष देऊ नका. रक्तात एम प्रोटीन मोजण्याइतकं नसणं, मूत्रपिंडाचं काम ठरलेल्या मर्यादेखाली जाणं, प्लेटलेट कमी असणं, हिपॅटायटिस बी निघणं, पायांना आधीच खूप मुंग्या असणं, किंवा ठरलेल्या संख्येपेक्षा कमी-जास्त उपचार झालेले असणं, अशी कारणं असतात. कारण लेखी मागून घ्या. त्यातलं काही सुधारण्यासारखं असतं, आणि दुसऱ्या चाचणीच्या अटी वेगळ्या असू शकतात.

चाचण्या शोधायच्या कुठे?

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, सीटीआरआय. २००९ पासून भारतातल्या औषधचाचण्यांची तिथे नोंद बंधनकारक आहे. आजाराचं नाव टाकलं की टप्पा, अटी, कोणत्या शहरात चालू आहे आणि कोणाशी बोलायचं ते दिसतं. तुम्हाला विचारलेल्या चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तिथे पडताळून बघा. क्रमांक नसेल तर पुढे जाऊ नका.

काढा, गुळवेल चालू ठेवलं तर?

चाचणीत असेपर्यंत डॉक्टरांना न सांगता काहीही नको. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना आपल्याकडेच नोंदवलेल्या आहेत. ग्रीन टीमधला एक घटक बॉर्टेझोमिबचं काम बिघडवतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. देवाला नवस बोला, कोणी अडवणार नाही.

घरी असताना काय सांभाळायचं?

ताप. शंभराच्या वर गेला की फोन, मग रात्रीचे दोन का वाजेनात. पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टोचा धोका असतो, आणि या माणसांची प्रतिकारशक्ती आजारानेही कमी झालेली असते, औषधानेही. आईची शेतात उतरायची सवय मोडायला आम्हाला फार बोलावं लागलं.

पाय. बॉर्टेझोमिबने तळपाय बधिर होतात. जांभ्याच्या पायरीवर आईची टाच चिरली आणि तिला कळलंच नाही, रक्ताचे ठसे ओटीवर दिसले तेव्हा समजलं. घरातसुद्धा चप्पल. रोज रात्री कोणीतरी बॅटरी घेऊन तळवे बघायचे.

नागीण. या औषधांवर ती उठू शकते, म्हणून असायक्लोव्हिर देतात. ती गोळी ‘जास्तीची’ समजून बंद करू नका. आणि उठलीच तर गेरू लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

रक्तगट. डाराटुमुमॅबसारखं औषध सुरू असेल तर रक्तपेढीतली जुळवणीची तपासणी गडबडते, आणि शेवटच्या डोसनंतरही सहा महिन्यांपर्यंत गडबडू शकते. औषध सुरू होण्याआधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्या आणि त्याचं कार्ड माणसाच्या पाकिटात ठेवा. जिल्हा रुग्णालयात मध्यरात्री रक्त लागलं तर ते कार्ड पहिल्यांदा दाखवायचं.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेतलं त्या रात्री झोप येत नाही. आई दोन वाजता भांडी घासायची. गोळी सकाळी न्याहारीनंतर दिली की थोडं बरं पडतं, तीही डॉक्टरांना विचारून. साखर मात्र तपासत राहा.

काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?

‘नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम, २०१९’ प्रमाणे चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट मिळायला हवेत, जोवर लागतील तोवर किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे ठरेपर्यंत. गंभीर घटना घडल्यापासून २४ तासांत डॉक्टरांनी ती सरकारला, कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळेच झाला असं ठरलं तर भरपाई मिळते. मृत्यूच्या भरपाईसाठी ८ लाख रुपये ही आधाररक्कम धरून वय आणि आजाराची अवस्था यांवरून हिशेब करतात. आजार आपल्या गतीने वाढला तर ती भरपाईची गोष्ट नाही. गावच्या दवाखान्यात भरती झालात तर सगळी कागदपत्रं जपून ठेवा आणि चाचणीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. न कळवलेली घटना कुठेच नोंदली जात नाही.

कार-टी भारतात आली म्हणतात, ती घेता येईल का?

नीट ऐका, यात गल्लत फार होते. कार-टी म्हणजे माणसाच्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी काढून, कॅन्सरची खूण ओळखतील अशा बदलून परत देण्याचा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या ज्या नेक्सकार-१९ ला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती काही लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे. ती पेशीवरची सीडी-१९ ही खूण शोधते. मायलोमाच्या कार-टी बहुधा बीसीएमए नावाची दुसरी खूण शोधतात. अमेरिकेत अशा दोन कार-टींना २०२१ आणि २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हा “टाटाची कार-टी द्या” म्हणण्याऐवजी “मायलोमासाठीची कार-टी किंवा बायस्पेसिफिक औषधाची चाचणी चालू आहे का” असं विचारा. बायस्पेसिफिक म्हणजे कॅन्सरची पेशी आणि प्रतिकारशक्तीची पेशी यांना एकत्र आणणारं औषध.

या उपचारांत सुरुवातीला जोराचा ताप, रक्तदाब घसरणं, बोलण्या-समजण्यात गोंधळ असं होऊ शकतं. म्हणून पहिले काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावं लागतं. देवगडहून ये-जा करून हे होत नाही. मुंबईत महिनाभर कोण राहणार, ते आधी ठरवा.

चाचणी मध्येच सोडली तर डॉक्टर रागावतील का?

कधीही, कारण न देता सोडता येते, आणि तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत. फक्त औषध अचानक बंद करून घरी बसू नका. सांगून सोडा.

चाचणी संपल्यावर औषध मिळत राहतं का?

आपोआप नाही. त्या आजारावर दुसरा इलाज नसेल, औषधाचा फायदा होत असेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मान्य केलं, तर कंपनीने ते पुढे फुकट द्यावं अशी तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. हा प्रश्न सही करण्याआधी विचारून उत्तर कागदावर घ्या.

आईचा आजार चाचणीत बावीस महिने दबून राहिला आणि मग पुन्हा वर आला. आता तिला वेगळं औषध चालू आहे. दर महिन्याची फेरी चुकत नाही, थर्माकोलची पेटी अजून तीच आहे.